कुणाचा रे तू?

भुसावळहून खांडव्याकडे निघालेली गाडी रावेर मागे टाकते आणि बऱ्हाणपूर येतं. मुमताजमहल 1631 मध्ये वारली ती याच गावात. महाराष्ट्राची हद्द नुकतीच ओलांडलेली असते, पण बाजारात मराठी कानावर पडतच राहते. 1986 साली एका रात्री या स्टेशनच्या बाकावर पाच वर्षांचा एक मुलगा पेंगुळून आडवा झाला. त्याचा थोरला भाऊ गुड्डू चौदा वर्षांचा. गाड्यांमध्ये झाडलोट करून तो चार पैसे मिळवायचा. धाकट्यानं हट्ट धरला म्हणून त्या दिवशी त्यालाही खांडव्याहून घेऊन आला होता. इथंच थांब म्हणून सांगून गुड्डू गेला तो परत आलाच नाही. त्याच रात्री रेल्वेखाली सापडून तो दगावला होता, हे धाकट्याला कळायला पुढं पंचवीस वर्षं लागली.

धाकट्याला जाग आली तेव्हा फलाट रिकामा आणि समोर एक गाडी उभी होती. भाऊ आत असेल असं वाटून तो चढला आणि पुन्हा झोपला. डोळे उघडले तर गाडी धावत होती, डब्यात चिटपाखरू नव्हतं आणि दारं उघडत नव्हती. गाडी थांबली ती थेट हावड्याला, घरापासून सुमारे दीड हजार किलोमीटरवर.

हा शेरू. पुढं ऑस्ट्रेलियात वाढलेला सरू ब्रायर्ली म्हणून जगानं त्याला ओळखलं. त्याच्या आत्मकथनावर 2016 मध्ये ‘लायन’ हा चित्रपट आला. त्यातल्या लहानग्या शेरूचं काम मुंबईत कालिन्याच्या वस्तीत राहणाऱ्या सनी पवारनं केलं. उपग्रहाच्या नकाशावरून घर शोधणारा तरुण म्हणून या गोष्टीचं कौतुक झालं आणि ते योग्यच आहे. पण मला या कहाणीत अधिक बोचतात ते हावड्यातले पहिले काही आठवडे. पाच वर्षांचं पोर भाषा न समजणाऱ्या शहरात उतरलं आहे, हजारो माणसं त्याच्या बाजूनं जात आहेत आणि ते प्रत्येकाला आपल्या गावाचं नाव सांगतं आहे. ते नाव कुणालाच कळत नाही.

स्टेशनचं नाव तो ‘बेरामपूर’ असं सांगायचा, गावाचं नाव ‘गिनेस्तले’. बंगालमध्ये बहरमपूर आहे, ओडिशात ब्रह्मपूर. बऱ्हाणपूर कुणाच्या डोक्यात कसं यावं? आणि ‘गिनेस्तले’ म्हणजे गणेश तलाई. ते गाव नव्हतंच, खांडवा शहरातली ती एक गरीब वस्ती. पाच वर्षांच्या मुलाचं गाव म्हणजे त्याची वस्ती. जिल्हा, तालुका, राज्य या मोठ्यांच्या गोष्टी, त्या त्याच्या जगात अजून यायच्या असतात. तो हावड्यातून मिळेल त्या गाडीत बसून पाहायचा. गाडी उपनगरात फिरून पुन्हा त्याच स्टेशनात आणून सोडायची. एका माणसानं त्याला घरी नेऊन खाऊ घातलं. तिथं आलेल्या दुसऱ्या माणसाच्या वागण्यानं त्याच्या पोटात गोळा आला, म्हणून तो तिथून पळाला. शेवटी एका किशोरवयीन मुलानं त्याला हाताला धरून पोलीस ठाण्यात नेलं. तिथून बालगृह, मग सरोज सूद यांच्या संस्थेचा अनाथाश्रम आणि 1987 मध्ये दत्तक जाऊन टास्मानियातलं होबार्ट.

आता पुढचं पाहा. याच मुलाला स्टेशनजवळची पाण्याची टाकी आठवत होती. फलाटाजवळचा रस्ता आठवत होता. आपल्या गावातलं धरण, त्यावरून पडणारं पाणी, नदीवरचा रेल्वेपूल, तिथून घरापर्यंतची पायवाट, सगळं आठवत होतं. तिशीला आल्यावर त्यानं हिशेब मांडला. गाडीत किती तास गेले असतील, त्या काळी गाडी किती वेगानं धावत असेल, हे धरून कोलकात्याभोवती नकाशावर एक वर्तुळ काढलं आणि रुळांमागून रूळ तपासत गेला. 2011 मध्ये एके रात्री पडद्यावर बऱ्हाणपूरची टाकी दिसली. तिथून उत्तरेकडे सुमारे सत्तर किलोमीटर सरकल्यावर खांडव्याचं धरण, पूल आणि पायवाट एकामागोमाग एक जुळत गेली. म्हणजे घराचा पत्ता 1986 सालीही त्याच्याजवळ होता. तो चित्रांच्या रूपात होता आणि त्याला विचारलं जात होतं नाव-गाव. मुलाला जे येत होतं ते विचारायला त्या वेळी कुणाला सुचलं नाही.

हा दोष एकट्या कोलकात्याच्या माथी मारण्यात अर्थ नाही. आपल्याकडे आजही हेच घडतं.

*

मुंबईत लांब पल्ल्याच्या गाड्या उतरतात त्या कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला, कल्याणला, दादरला, वांद्रे टर्मिनसला आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला. सकाळच्या वेळी त्यांतल्या कुठल्याही फलाटावर उभं राहून जनरल डब्याकडे पाहावं. आधी बोचकी बाहेर येतात, मग गॅसची शेगडी गुंडाळलेलं पोतं, मग मुलं हातोहात खिडकीतून दिली जातात. बाप मुकादमाला फोन लावत असतो. आई सामान मोजते आणि मग मुलं मोजते. या क्रमात तिची काही चूक नाही. पोत्यात सगळा संसार आहे, मुलं तर पदराला धरून उभी आहेत.

धोका सुरू होतो तो पुढच्या टप्प्यावर, लोकलमध्ये. मुंबईत वाढलेल्या माणसाच्या हे लक्षातही येत नाही, इतकं ते अंगवळणी पडलेलं असतं. नव्यानं आलेलं कुटुंब लोकलला भिडतं तेव्हा बाई लेडीज डब्यात चढते, बाप्ये जनरलमध्ये. पोरगं पाच-सहा वर्षांचं असेल तर ते दोन्हीकडे चालतं. आईला वाटतं ते बापाबरोबर आहे, बापाला वाटतं आईबरोबर. गाडी थांबते ती काही सेकंद. गर्दीचा लोंढा माणसाला उतरवतो किंवा उतरू देत नाही, यात त्याच्या इच्छेचा भाग थोडाच. दोघं फलाटावर भेटतात तेव्हा कळतं की पोर दोघांकडेही नाही. गाडी तोवर पुढच्या स्टेशनात पोचलेली असते.

दादर तर सराईतालाही चकवतं. मध्य रेल्वेचं दादर आणि पश्चिम रेल्वेचं दादर अशी ही दोन स्टेशनं, मधल्या पुलांनी जोडलेली. डिसेंबर 2023 मध्ये इथले फलाट सलग क्रमांकानं मोजायला सुरुवात झाली. त्याआधी दोन्ही बाजूंना एक नंबर होता, दोन्हीकडे दोन नंबर होता. आपण ‘एक नंबरला भेटू’ असं ठरवायचो आणि तासभर चुकामूक व्हायची. ज्याला अंकच वाचता येत नाहीत, ज्यानं याआधी इतकी माणसं एका जागी कधी पाहिलेली नाहीत, त्या पोरानं इथं काय करावं?

स्टेशनातून सुटून कुटुंब वस्तीत पोचलं तरी पहिले दोन-तीन आठवडे जिवाला घोर असतोच. मानखुर्दचं लल्लूभाई कंपाउंड किंवा गोवंडीचं नटवर पारेख कंपाउंड पाहिलं आहे का? रस्त्यांच्या आणि रेल्वेच्या कामांत झोपड्या गेलेल्या कुटुंबांना तिथं घरं दिली आहेत. डझनावारी इमारती, सगळ्या सारख्या उंचीच्या, सारख्या रंगाच्या, सारख्याच जिन्याच्या. खालच्या दुकानात बिस्किटाचा पुडा आणायला धाडलेलं पोर परत येताना शेजारच्या इमारतीत चढतं. तिसऱ्या मजल्यावर डाव्या हाताचं दार वाजवतं. दार उघडणारी बाई अनोळखी. तिथून जे पोर घाबरून धावत सुटतं ते हमखास उलट्या दिशेला. पुनर्वसनात आलेलं हे कुटुंब कागदोपत्री मुंबईकरच असतं, पण त्या पोराच्या लेखी हा मुलूख परका.

आणि मग कुणी भल्या माणसानं विचारलंच, कुठं राहतोस, तर ते सांगतं शिवाजीनगर. गोवंडीला शिवाजीनगर आहे, पुण्याला आहे, आणि राज्यात असं शहर शोधून सापडायचं नाही जिथं एकही शिवाजीनगर, गणेशनगर, इंदिरानगर किंवा आंबेडकरनगर नाही. आईचं नाव विचारावं तर उत्तर ‘आई’, ‘अम्मी’ किंवा ‘माई’. बापाचं नाव विचारावं तर वस्तीत त्याला ज्या नावानं हाक मारतात ते, आधार कार्डावरचं नव्हे.

खेड्यात हा प्रश्न कधी पडत नाही. तिथं पोर भटकत चार वाड्या पलीकडे गेलं तरी पारावरचा म्हातारा त्याला थांबवतो आणि विचारतो, कुणाचा रे तू? पोर आज्याचं नाव सांगतं. म्हाताऱ्याला आज्जा ठाऊक असतो, त्याचं शेत ठाऊक असतं. नसला ठाऊक तरी नाकाडोळ्यांवरून घराणं ओळखणारी एखादी म्हातारी निघतेच. दिवेलागणीपर्यंत पोर कुणाच्या तरी सायकलवर बसून घरी. तिथं त्या पोराला पत्ता पाठ असण्याची गरजच नसते, कारण पत्ता गावाला पाठ असतो. स्थलांतरात कुटुंब भांडीकुंडी बरोबर आणतं, बिछाना आणतं, पण ही ओळखणारी माणसं मागे राहतात. नव्या जागी मूल हरवतं ते या पोकळीत. माझ्या मते रस्त्याची माहिती नसणं हे निम्मंच कारण आहे. उरलेलं निम्मं असं की नव्या जागी ते पोर कुणाचं हे सांगणारा दुसरा माणूसच अजून तयार झालेला नसतो.

*

यात आपण घरोघरी एक भर घालतो. पोर रडायला लागलं, जेवायला नको म्हणालं की आई दटावते, गप बस, नाहीतर पोलीस पकडून नेईल. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही धमकी शहरात आल्यावर पोराच्या मुळावर येते. हरवलेलं लहान मूल खाकी कपडे पाहिले की लपतं. फलाटाच्या टोकाला, सामानाच्या हातगाड्यांमागं, जिन्याखाली. ज्या माणसानं त्याला घरी पोचवायचं त्याच्यापासून ते दूर पळतं, आणि गोड बोलून हात पुढं करणाऱ्या कुणाबरोबरही चालू लागतं. परराज्यातून, विशेषतः बंगालीभाषक मुलखातून आलेल्या कष्टकरी कुटुंबांत तर आईबापच पोलिसांना बिचकून असतात. कागद मागतील, चौकशी करतील, म्हणून तक्रार करायला जायलाच वेळ लागतो. हरवलेल्या मुलाच्या बाबतीत हाच वेळ सर्वांत मोलाचा.

गेले तरी कुठं जावं हा गोंधळ. रेल्वेच्या हद्दीत रेल्वे सुरक्षा दल वेगळं आणि लोहमार्ग पोलीस वेगळे. स्टेशनच्या पायरीखाली उतरलं की शहर पोलीस. तीन गणवेश, तीन कचेऱ्या. आलेल्या माणसाला आमची हद्द नाही असं सांगून वाटेला लावणं कायद्यात बसत नाही. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकानं नोंदवून घ्यावा लागतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये तसं लिहिलेलंच आहे. ‘बचपन बचाओ आंदोलन’ या संस्थेच्या याचिकेवर 10 मे 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयानं आणखी एक पक्की गोष्ट सांगितली. मूल हरवल्याची प्रत्येक तक्रार गुन्हा म्हणून नोंदवायची, आणि तपासात वेगळं काही निघेपर्यंत मुलाचं अपहरण झालं आहे असंच धरून चालायचं. त्याआधी असं पोर स्टेशन डायरीतल्या एका ओळीत संपून जायचं. संध्याकाळपर्यंत वाट पाहा, येईल परत, असं सांगून आईबापांना घरी पाठवलं जायचं.

अपहरणाचं गृहीतक का हवं ते अंधेरीच्या एका प्रकरणावरून कळतं. डी. एन. नगर पोलीस ठाण्यात सहायक उपनिरीक्षक असलेले राजेंद्र धोंडू भोसले हरवलेल्या मुलींचा शोध घेत. 2008 ते 2015 या काळात त्या ठाण्याच्या हद्दीतून 166 मुली बेपत्ता झाल्या, त्यांतल्या 165 सापडल्या. जानेवारी 2013 मध्ये शाळेच्या वाटेवरून नाहीशी झालेली सात वर्षांची एक मुलगी तेवढी राहिली. भोसले 2015 मध्ये निवृत्त झाले, तरी त्या मुलीला त्यांनी मनातून सोडलं नाही. ती सापडली ऑगस्ट 2022 मध्ये, साडेनऊ वर्षांनी. तिला पळवून नेलं होतं, परगावी ठेवलं होतं, आणि शेवटी ती राहत होती ती जागा आईच्या घरापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर होती. कामाच्या ठिकाणच्या एका बाईच्या मदतीनं तिनं इंटरनेटवर स्वतःच्याच नावाचा शोध घेतला आणि ‘हरवली आहे’ हा जुना फलक समोर आला. फलकावर पाच फोन नंबर होते. चार बंद. पाचवा लागला तो शेजाऱ्याचा.

ही बातमी वाचली तेव्हा मी या पाचव्या नंबरापाशी अडखळलो. कष्टकऱ्यांच्या वस्तीत भाड्याची खोली अकरा महिन्यांची, सिमकार्ड रिचार्ज संपेपर्यंतचं, आणि काम मुकादम नेईल तिथं. पोर सापडलं तरी त्याचं घर मात्र जागेवर नसतं, असं कितीदा होतं. म्हणूनच घरचा नंबर बदलला तरी शेजाऱ्याचा चालू असणं ही त्या मुलीच्या दृष्टीनं केवढी मोठी गोष्ट ठरली. शेरूच्या आईनंही आपला ठावठिकाणा हलू दिला नव्हता. पोर कधीतरी परत येईल या भरवशावर तिनं गणेश तलाईची वस्ती सोडली नाही, घर बदललं ते काही पावलांवरच. फेब्रुवारी 2012 मध्ये तो जुन्या घरापाशी पोचला तेव्हा दाराला कुलूप होतं. हिंदी तो विसरलेला. शेजारचे लोक गोळा झाले, त्यानं हातातला लहानपणचा फोटो दाखवला, आईची, भावांची, बहिणीची नावं घेतली. एका माणसानं त्याला चार पावलांवर बसलेल्या आईपुढं नेऊन उभं केलं. उपग्रहानं त्याला गल्लीच्या तोंडापर्यंत आणलं, शेवटची पावलं शेजाऱ्यानं चालवली.

*

मूल सापडल्यावर काय होतं ते आता सांगतो, कारण याविषयी आपल्याकडे भलत्या समजुती आहेत. बाल न्याय अधिनियम 2015 प्रमाणे असं मूल चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढं न्यावं लागतं, प्रवासाचा वेळ यातून वगळून. समिती त्याला तात्पुरतं बालगृहात ठेवते. मुंबईत डोंगरीला असं बालगृह आहे. दोन वर्षांवरच्या मुलाचे आईबाप चार महिन्यांत सापडले नाहीत तर ते दत्तक देण्यास मोकळं आहे असं समिती जाहीर करू शकते. चार महिने म्हणजे पुष्कळ वाटतात. पण बाप वीटभट्टीवरून दुसऱ्या भट्टीवर गेला असेल, आईला लिहिता-वाचता येत नसेल, मुलाची भाषा ठाण्यात कुणाला कळत नसेल, तर ते बघता बघता सरतात. एवढ्यासाठीच पहिल्या दिवसाची चौकशी चांगली व्हायला हवी.

चांगली चौकशी म्हणजे काय? या कामात मुरलेल्या बायका, मग त्या पोलिसांतल्या असोत की संस्थांतल्या, आधी मुलाच्या उंचीवर बसतात. पाणी देतात, बिस्किट देतात. नाव-गाव विचारायची घाई करत नाहीत. सकाळी काय खाल्लंस, हे विचारतात. भात म्हणालं तर कुठला भात, मासे होते का, भाकरी कशाची होती. यातून मुलूख कळतो. दारातून बाहेर आलं की काय दिसतं? रूळ दिसतात, डोंगर दिसतो, नाला, मशिदीचा भोंगा, विमान. विमान किती मोठं दिसतं? खूप मोठं, आवाज येतो, म्हटलं की कुर्ला, साकीनाका, कालिना डोळ्यांपुढं येतात. कचऱ्याचा डोंगर म्हटलं की देवनार. बाप कामावरून येतो तेव्हा कपड्यांना काय लागलेलं असतं? पांढरी धूळ म्हणजे टाइल किंवा चुना, काळं वंगण म्हणजे गॅरेज, लाल माती म्हणजे भट्टी किंवा खोदकाम. आई गाणं कुठलं म्हणते, देव कुठला, आजीला काय म्हणतोस. आणि मुलाला कागद-खडू देऊन घर काढायला सांगतात. पाच वर्षांचं पोर बहुतेकदा घराआधी पाण्याचा नळ काढतं, कारण सकाळची भांडणं तिथंच झालेली त्यानं पाहिलेली असतात.

शेरूला 1986 मध्ये कुणी दारातून काय दिसतं हे विचारलं असतं, त्यानं धरण सांगितलं असतं, आणि हिंदी मुलखातल्या मध्यम आकाराच्या स्टेशनांची यादी घेऊन कुणी पत्रं धाडली असती, तर काय झालं असतं? निदान शक्यता तरी होती. सापडलेल्या प्रत्येक मुलापाशी त्याची बोली समजणारा माणूस पहिल्या काही तासांत बसला पाहिजे. मुंबईत कुठलीही भाषा बोलणारा हमाल, भेळवाला, सुरक्षारक्षक शंभर पावलांवर मिळतो. त्याला बोलवायची पद्धत पडायला हवी.

यंत्राचा उपयोग आहेच, त्याला नावं ठेवण्याचं कारण नाही. ‘ट्रॅकचाइल्ड’ आणि 2015 मध्ये सुरू झालेलं ‘खोया-पाया’ या संकेतस्थळांमुळे एका राज्यात हरवलेलं आणि दुसऱ्या राज्यात सापडलेलं मूल जुळवता येऊ लागलं. नागपूरचं उदाहरण तर पाठ करून ठेवावं असं आहे. 2011 मध्ये नागपूर स्टेशनवर आठेक वर्षांचा एक मुलगा सापडला. त्याला नीट बोलता येत नव्हतं, त्यामुळे नाव-गाव कळायला मार्गच नव्हता. एका कुटुंबानं त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं. दहावीच्या वेळी आधार कार्ड लागणार म्हणून केंद्रावर नेलं, तर अर्ज पुन्हा पुन्हा परत यायचा. शेवटी कळलं, त्याच्या बोटांचे ठसे आधीच नोंदलेले होते, जबलपूरच्या पत्त्यावर. 2021 मध्ये तो आईबापांना भेटला. ज्याला एक वाक्य बोलता येत नव्हतं त्याचं बोट बोललं. मात्र पाच वर्षांखालच्या मुलांच्या निळ्या आधार कार्डात ठसे घेतलेले नसतात. पाच पूर्ण झाल्यावर ते नोंदवावे लागतात आणि नेमक्या याच वयात मुलं सहज चुकतात. फिरस्तीवरच्या कुटुंबांकडून ही नोंद राहून जाते.

पण माझा जास्त विश्वास वहीवर आहे. वही म्हणजे बांधकामावरच्या पाळणाघराची हजेरी. मीरा महादेवन यांनी 1969 मध्ये दिल्लीत बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी ‘मोबाइल क्रेश’ सुरू केली, पुढं मुंबईतही हे काम उभं राहिलं. रजनी परांजपे यांनी 1988 पासून ‘डोअर स्टेप स्कूल’मधून मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत आणि बांधकामांवर शाळा मुलांच्या दारी नेली. या कामाचं मोल शिक्षणाच्या आणि पोषणाच्या हिशेबात मांडलं जातं. त्याची दुसरी बाजू मला तितकीच मोठी वाटते. साइटवर आलेल्या पोराचं नाव तिथल्या ताईला ठाऊक असतं. ते कुणाचं, कुठल्या गावचं, बाप कुठल्या ठेकेदाराकडे, हे वहीत उतरतं. दुपारी ते दिसलं नाही की कुणीतरी विचारतं, आज कुठं गेला हा? पारावरच्या म्हाताऱ्याचं काम ही ताई करते. ज्या साइटवर पाळणाघर नाही, अंगणवाडी लांब आहे, तिथं पोर संध्याकाळी आईबाप कामावरून सुटेपर्यंत कुणाच्याच लक्षात येत नाही.

ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्या, भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर उतरणारी कातकरी कुटुंबं, पुण्याच्या टॉवरांखाली पत्र्याच्या खोल्यांत राहणारे मजूर, या सगळ्यांची नोंद मुकादमाकडे असते. उचल किती दिली, कोयते किती, हे त्यात पै न्‌ पै लिहिलेलं असतं. मुलांची नावं नसतात. कामगारांची नोंद ठेवणं ज्या ठेकेदाराला बंधनकारक आहे त्याला त्यांच्या मुलांची नोंद ठेवायलाही भाग पाडलं पाहिजे. नाव, वय, मूळ गाव, गावाकडच्या एका माणसाचा फोन. यासाठी नवी योजना नको, वहीत एक रकाना वाढवला की पुरे.

*

दिवाळी झाली की टोळ्या ठिकठिकाणी पोचलेल्या असतील, शहरांत नवी बिऱ्हाडं आलेली असतील. नाशिकचा सिंहस्थही तोंडावर आहे. प्रयागच्या कुंभात राजाराम तिवारी यांनी 1946 पासून हरवलेल्यांना घरच्यांशी मिळवून देण्याचं काम हयातभर केलं. त्यांच्यासारखा माणूस प्रत्येक गर्दीला मिळत नाही. म्हणून वाचकांना काही गोष्टी थेट सांगतो.

तुमच्या इमारतीचं काम चालू असेल, घरी कामाला येणाऱ्या बाई गावाहून नव्यानं आलेल्या असतील, तर त्यांच्या मुलांची नावं विचारून ठेवा. मुलांच्या कपड्याच्या आतल्या बाजूला फोन नंबर लिहायला सांगा, एक घरचा आणि एक गावाकडचा, जो बदलत नाही. आईचं पूर्ण नाव मुलाकडून पाठ करून घ्यायला सांगा. लोकलमध्ये मूल पुढं गेलं तर पुढच्याच स्टेशनवर उतरून तिथंच उभं राहायचं, हे मुलाला आणि मोठ्यांना दोघांनाही सांगा. पोलिसाचा धाक घालू नका.

एकटं, बावरलेलं मूल दिसलं तर त्याला तिथून हलवू नका, घरी नेऊ नका. आईबाप शोधत येतील ते त्याच जागी. त्याच्याजवळ थांबा, 1098 लावा. 1996 मध्ये मुंबईत जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकारानं टाटा समाजविज्ञान संस्थेतून सुरू झालेली ही हेल्पलाइन आता सरकार चालवतं आणि ती 112 शी जोडलेली आहे. फोन फुकट आहे, दिवसरात्र चालू आहे. गाडीत किंवा फलाटावर असाल तर रेल्वेचा 139. ओळखपत्र दाखवावं लागेल, कोर्टाच्या खेपा होतील, ही भीती मनातून काढून टाका. उलट, सापडलेल्या मुलाची खबर चोवीस तासांत न देणं हा बाल न्याय अधिनियमाच्या कलम 33 आणि 34 खाली गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.